भुणभुण गेली

१

सकाळचा चहा झाला, की तेइझो मोमोसे मागच्या खोलीत जात आणि आतून दार लावून घेत. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून हा नेम चुकला नव्हता. त्याआधी नोकरी होती म्हणून तो फक्त सुट्टीच्या दिवशी पाळावा लागे, एवढंच. जपानातल्या ह्या ओकाया गावच्या थंडीचं काही विचारू नका. सुवा तळ्यावरून वारा सुटला, की घरात बसल्या जागी बोटं वाकडी होतात. पण त्या खोलीत हीटर लावायचा नाही. का, तर हीटरचा पंखा आवाज करतो. माणूस गारठून मेला तरी हरकत नाही, आवाज नको! मोमोसेंचं सगळं हे असंच होतं.

खोलीत गेलं, की आधी अ‍ॅम्प्लिफायरचा खटका. हा अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी ऐन तारुण्यात स्वतःच्या हातांनी बांधला होता, आणि तेव्हापासून त्याचं पोट इतक्या वेळा उघडलं होतं, की त्यात मूळचं असं फारसं काही उरलं नव्हतं. वर काचेचे मोठाले व्हॉल्व्ह. त्यांच्या आतल्या तारा हळूहळू लालसर होत. मग मोमोसे गुडघ्यांवर हात देत खाली बसत आणि स्पीकरच्या लाकडी कर्ण्यात डोकं घालत. हसू नका, खरंच डोकं घालत. कर्णे होतेच तेवढे. लग्न होऊन घरात आल्या आल्या फुसाएबाईंनी त्यांच्यावर ओले पायमोजे वाळत घातले होते, आणि त्यावरून नवराबायकोचं पहिलं भांडण झालं होतं.

कर्ण्याच्या आत, अगदी खोलवर, बारीक भुणभुण ऐकू येई. रेकॉर्ड लावलेली नाही, आवाजाचं बटण शून्यावर, तरी ती आपली आहेच. ह्या जातीच्या व्हॉल्व्हला घरातली साधी वीज दिली, की तिची थोडी भुणभुण उरते ती उरतेच. हे ह्या नादातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि सोसणं वेगळं. मोमोसेंनी तारा बदलल्या. ट्रान्सफॉर्मर खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला. जमिनीत तांब्याची सळई ठोकली. आणि निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर तर कहरच केला: अंगणात स्वतःच्या मालकीचा विजेचा खांब उभा केला. शेजाऱ्यांच्या वॉशिंग मशीनची घाण आपल्या विजेत यायला नको, म्हणून!

"लोक निवृत्त झाले की बायकोला गरम पाण्याच्या झऱ्यांवर नेतात," फुसाएबाई येईल त्याला सांगत. "आमच्या ह्यांनी खांब आणला."

खांब आला तरी भुणभुण गेली नाही, नुसती कमी झाली. रोज सकाळी मोमोसे कर्ण्यात डोकं घालून तिची खात्री करून घेत आणि "आहेस अजून, अवदसे!" असं म्हणून उठत. दिवस तिथून सुरू व्हायचा.

जानेवारीतल्या एका सकाळी त्यांनी डोकं घातलं आणि भुणभुण नव्हती.

२

पहिला विचार आला तो कानाचाच. येणारच. पंच्याहत्तरीला टेकलेला माणूस, दुसरं काय म्हणणार? वरचे, बारीक सूर कधीच गेले होते. उन्हाळ्यात झाडावर किडे किरकिरतात हे त्यांना आता फक्त लोकांच्या बोलण्यावरून कळे. झांजेचा छणकार म्हणजे त्यांच्या कानाला नुसता एक ठोका उरला होता. कानाच्या डॉक्टरनं कागदावर रेघ काढून दाखवली होती: इथपर्यंत ठीक, इथून पुढे डोंगराचा कडा. मोमोसेंनी ही गोष्ट ह्याच नादातल्या आपल्या मंडळींपैकी कुणालाही सांगितली नव्हती. आयुष्यभर आवाजाचा नाद केलेल्या माणसाचे कान गेले, हे कुणाला कोणत्या तोंडानं सांगायचं? लाज वाटायची हो, खरीखुरी लाज.

पण भुणभुण तर खालच्या सुरातली. तिथं त्यांचे कान ठणठणीत होते. त्यांनी दुसऱ्या कर्ण्यात डोकं घातलं. तिथंही काही नाही. शेवटी जे कधी करत नसत ते केलं. दार उघडून हाक मारली, "अगं, जरा इकडे ये!"

फुसाएबाई हात पुसत, खोकत आल्या. शरद ऋतूपासून त्यांना हा खोकला होता. कोरडा, चिवट, औषधाला दाद न देणारा.

"आत येऊ? की बाहेरूनच सांगता? माझे कपडे आवाज शोषून घेतात म्हणे."

"थट्टा पुरे. ह्यात कान घाल आणि काय ऐकू येतं ते सांग."

बाईंनी कर्ण्याशी कान नेला. बराच वेळ धरला. "काही नाही."

"नीट ऐक."

"अहो, नीटच ऐकतेय. काही नाही म्हणजे काही नाही. आवाज नाही म्हणून बोलावलंत होय मला? आजवर आवाज आहे म्हणून ओरडत होतात!" एवढं बोलून त्यांना खोकल्याची उबळ आली, आणि मोमोसेंनी सवयीनं कपाळाला आठी घातली. बाईंनी ती पाहिली आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मोमोसेंनी मीटर लावून पाहिला. काटा शून्यावर, जरासुद्धा थरथर नाही. आता खरं तर तिथंच त्यांनी घाबरायला हवं होतं. खाली जाळ आहे, वर पातेलं आहे आणि पाणी थंडच, असा तो प्रकार होता. त्यांनी कशाला हात लावलेला नव्हता. काही बदललेलं नव्हतं. पण गडी घाबरला नाही. आनंदानं वेडा व्हायचा तेवढा बाकी राहिला. त्यांनी एक जुनी रेकॉर्ड लावली आणि खुर्चीत बसून लहान मुलासारखे हसले.

३

पुढच्याच आठवड्यात हानाओका आले. हानाओका म्हणजे दातांचे डॉक्टर. उभा जन्म दुसऱ्याच्या तोंडात ड्रिल फिरवण्यात गेला, पण मंडळींमध्ये सगळ्यांत तिखट कान आपलेच, असा त्यांचा दावा. ह्या मंडळींची एक रीत आहे. आळीपाळीनं एकमेकांच्या घरी जायचं, जाताना आपली पाठ असलेली रेकॉर्ड काखेत न्यायची. यजमानानं मधली खुर्ची पाहुण्याला द्यायची, कारण आवाज नीट जुळतो तो त्या एकाच जागी. आणि स्वतः मागे स्टुलावर बसायचं. ऐकून झालं, की पाहुणा दोष सांगणार. यजमानानं मान खाली घालून ऐकून घ्यायचे. वर तोंड करून उत्तर दिलंत, की तुम्ही ह्या मंडळींतले नव्हेच.

हानाओकांनी इतक्या वर्षांत मोमोसेंना एकदाही निखळ 'छान' म्हटलं नव्हतं. "छान. पण..." असं सुरू करायचे आणि मग तासभर तो 'पण'च चालायचा. त्या 'पण'पायी मोमोसेंनी किती रात्री तळमळत काढल्या, ते फुसाएबाईंना विचारा.

त्या दिवशी रेकॉर्ड संपली, सुई उचलली गेली. हानाओकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मोमोसेसान," ते म्हणाले, "काय केलंत?"

"म्हणजे?"

"चेष्टा करू नका. ती बाई गाण्याआधी श्वास घेते, तो मी आजवर ऐकलाच नव्हता. माझी रेकॉर्ड आहे ही! आणि मागे सगळं किती निवांत! इतकी शांतता मी कुणाकडे ऐकलेली नाही. काय केलंत, ते सांगा मुकाट्यानं."

'काही नाही' एवढंच सांगायचं होतं. खरं होतं ते. 'मी काही केलं नाही, ती आपोआप गेली, आणि का गेली ते मला कळत नाही.' पण समोर हानाओका होते. आयुष्यभर वाट पाहिलेला माणूस, आयुष्यभर वाट पाहिलेलं वाक्य. कुणाच्यानं राहवलं असतं?

"अर्थिंगची तार बदलली," मोमोसे म्हणाले. "आणखीही थोडं इकडचं तिकडे. मीच केलं सगळं. घरात मला चूं नकोय, बघा."

हे वाक्य संपलं आणि भिंतीपलीकडचा फ्रिज थांबला. त्याची घरघर मोमोसेंना इतकी सवयीची होती, की ती आहे हे ती गेल्यावरच कळलं. हानाओकांनी एक बोट वर केलं आणि मान कलती केली.

"आता तर आणखीच," ते हळूच म्हणाले. "पुन्हा लावा ती रेकॉर्ड."

४

फ्रिज बिघडला नव्हता. आत सगळं गार होतं, बर्फ होत होता. फक्त तो आवाज करत नव्हता. फुसाएबाईंना आधी बरंच वाटलं. मग भिंतीवरचं घड्याळ गप्प झालं. काटे फिरत होते. व्हरांड्यातली पाय ठेवला की करकरणारी फळी करकरेनाशी झाली, आणि न्हाणीघराच्या नळाचं थेंब थेंब गळणं नुसतं दिसायला लागलं. घर जुनं, लाकूड थंडीनं आखडतं, नळाचं वायसर फुगतं. मोमोसेंकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. माणूस कारखान्यात तपासणी खात्यात होता, उत्तराला काय तोटा?

देव्हाऱ्यातल्या घंटेला मात्र त्यांना उत्तर सापडेना. पितळेची वाटीएवढी, छोट्या गादीवर ठेवलेली घंटा होती. फुसाएबाई रोज सकाळी पूर्वजांपुढे ताज्या भाताचा नैवेद्य ठेवत, घंटेवर छोट्या दांडीनं एक टोला देत आणि हात जोडत. त्या सकाळी त्या देव्हाऱ्यापुढे बसल्या त्या उठेचनात.

"अहो, इकडे या. बघा ना हे."

त्यांनी टोला दिला. दांडी घंटेवर आपटली, घंटा गादीवर हलली. आवाज नाही.

"तडा गेला असेल."

"कुठाय तडा? दाखवा ना. तुमच्या आईंच्या वेळची घंटा आहे." त्यांनी पुन्हा टोला दिला, मग आणखी जोरात. "आता त्यांना काय कळणार, भात ठेवलाय म्हणून?"

मोमोसेंनी स्वयंपाकघरातून चमचा आणला. चहाच्या कपावर वाजवला. किणकिण आली, स्वच्छ. म्हणजे कान ठीक. तोच चमचा घंटेवर वाजवला, तर जसा काही कापसावर पडला. त्यांच्या हाताला मात्र घंटेची थरथर लागत होती, चमच्यातून बोटांपर्यंत येत होती. त्यांनी चटकन हात मागे घेतला.

"थंडीनं धातू बधिर होतो," ते म्हणाले.

"धातू बधिर होतो?" फुसाएबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला तरी पटतंय का, जे बोलताय ते?"

नव्हतंच पटत. पण एक गोष्ट त्यांनी बायकोला सांगितली नाही. दर वेळी घरातला एखादा आवाज गेला, की मागच्या खोलीतला आवाज आणखी खुलत होता. काल रात्रीपर्यंत पियानो नुसता वाजत होता, आज त्याच्या लाकडाचा दमटपणा कळत होता. घंटा गप्प झाली त्या दिवशी त्यांनी जेवणसुद्धा खोलीतच घेतलं.

५

एका दुपारी ते पाणी प्यायला बाहेर आले. फुसाएबाई सिंकपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. नोझावानाच्या पाल्याचं लोणचं धुवायला काढलं होतं, पाणी चालू होतं. त्यांची पाठ हलत होती. खांदे वर जात, खाली येत, एक हात सिंकच्या कडेवर घट्ट रोवलेला. मोमोसेंना वाटलं, रडतेय की काय. मग त्यांच्या ध्यानात आलं, की त्या खोकताहेत.

खोलीत पाण्याचा आवाज होता. रस्त्यावरून एक गाडी गेली, तिचा होता. खोकल्याचा नव्हता.

"अगं."

त्या वळल्या. डोळ्यांत पाणी आलेलं, चेहरा लाल. "येतोय खोकला," त्या म्हणाल्या. बोलणं ऐकू येत होतं, पण दुसऱ्या खोलीतून यावं तसं. "परवापासून असाच येतोय. छाती तेवढीच भरून येते, दुखतं तेवढंच. तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

"नाही."

"मलाही नाही."

 मग फुसाएबाईंनी नळ बंद केला. "बंद करा ते तुमचं," त्या म्हणाल्या. "त्या खोलीतून जे काही सुरू झालंय ते बंद करा, तेइझोसान. हात जोडते."

"खोलीचा काय संबंध? उगीच काहीतरी!"

"उगीच? लग्न झाल्यापासून ऐकतेय: हळू चाल, हळू बोल, भांडी आपटू नको, हसू नको. आपली चिझुरु तान्ही होती, ती रडायला लागली की बर्फात बाहेर घेऊन जायचे तिला, तुमची रेकॉर्ड संपेपर्यंत. आठवतंय? तुम्हाला घरात चूं नको होतं ना? घ्या. कुणीतरी ऐकलं तुमचं."

"तुला कधी माझा छंद बघवलाच नाही!" मोमोसे ओरडले.  "आता कुठे, इतक्या वर्षांनी जमलंय, तर लगेच..."

"काय जमलंय? केलंत काय तुम्ही? हानाओकासानना सांगितलंत ना, तार बदलली म्हणून? दाखवा मला ती तार."

मोमोसेंना बायकोचा राग आला, फार राग आला, आणि तो राग खरा होता. त्यांनी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मनात वाक्य आलं: आता हिची तेवढी कटकट थांबली, की झालं. आपण असा विचार केला, हे त्यांना खुर्चीत टेकल्यावर कळलं. ते ताडकन उठले. पण दार उघडून त्यांनी हाक मारली तेव्हा फुसाएबाई व्हरांड्यातून त्यांच्याकडेच येत होत्या, तोंडानं काहीतरी बोलत होत्या, आणि त्यातलं एक अक्षरही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

६

तरीही माणसाला आशा असते हो. त्यांनी स्वतःला बजावलं: कान गेले. शेवटी खालचेही सूर गेले. म्हातारपण आहे, यंत्र लावू कानाला, सगळं परत येईल. कधी नव्हे ते बहिरेपणाच्या आशेनं त्यांना हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी नागोयाहून चिझुरुचा फोन आला.

"बाबा, आईशी भांडलात का?"

"का गं?"

"सकाळपासून तिचे चार फोन आले. उचलते तर कुणी बोलतच नाही. श्वाससुद्धा नाही. आधी वाटलं, लाईन गेली. पण मागून तुमच्या गल्लीतला रॉकेलवाला गाणं वाजवत जातो ना, ते ऐकू येत होतं. काय झालंय तिला?"

मोमोसेंना लेकीचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. फुसाएबाईंनी त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला आणि दोन्ही हातांनी तोंडाशी धरला. त्या बोलत होत्या. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. फोनमधून बारीक आवाज येत होता, "आई? आई, तू आहेस का? बोल ना, मला भीती वाटतेय."

कानाची आशा संपली. मोमोसेंनी धावत जाऊन अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, भिंतीतली वायर उपटली. चपला न घालता अंगणात गेले आणि खांबावरच्या पेटीतला मुख्य खटका खाली ओढला. घरातले दिवे गेले. परत आले, तर बायको तिथंच उभी.

"बोल," ते म्हणाले. "अगं, काहीही बोल. भांडी आपट. आपट गं, हवी तेवढी आपट! मी काही म्हणणार नाही!"

फुसाएबाईंनी लोखंडी पातेलं उचललं आणि सिंकच्या कडेवर आपटलं. कडेचा टवका उडाला. पुन्हा आपटलं. मग त्या पातेलं खाली ठेवून जमिनीवर बसल्या. मोमोसे त्यांच्याजवळ बसले, त्यांचा हात हातात घेतला आणि माफी मागितली. बाईंनी हात काढून घेतला नाही, पण त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

ठरलं, की सकाळच्या गाडीनं दोघांनी लेकीकडे जायचं. टॅक्सी सांगितली. मग मोमोसेंनी हानाओकांना फोन लावला. शहाण्या माणसानं बिघाड शोधायचा तर शेवटचा बदल आधी काढून टाकायचा; आणि त्यांनी केलेला बदल एकच होता, तो म्हणजे ते खोटं.

"हानाओकासान, मी तार बदलली नव्हती. मी काहीच केलं नव्हतं. भुणभुण आपोआप गेली. मी खोटं बोललो."

पलीकडून हसू आलं. "पुरे झाला विनय! कान तरुण झालेत तुमचे, मान्य करा आता. मी सगळ्यांना सांगितलंय. शनिवारी तिघांना घेऊन येतो. त्यांनाही ऐकू द्या ती शांतता!"

"अहो, नाही, तसं नाही..." मोमोसे म्हणत होते, पण हानाओकांनी फोन ठेवला होता.

७

सकाळी बर्फ पडून गेला होता आणि लख्ख ऊन होतं. खांबाचा खटका पुन्हा वर केला होता, नाहीतर नळांना गुंडाळलेल्या तापत्या तारा बंद पडतात आणि पाणी गोठतं. फुसाएबाई कोट घालून, बॅग भरून दाराशी तयार. टॅक्सीला थोडा अवकाश होता.

मोमोसे मागच्या खोलीत गेले. निरोप घ्यायला वगैरे नाही. असल्या भावना त्यांच्यात नव्हत्याच. त्यांना रात्रभर एक गोष्ट टोचत होती. आवाज नाहीसा होत नसतो. इकडून गेला, तर तिकडे कुठेतरी निघतो. आयुष्यभर भुणभुणीच्या मागे धावून त्यांनी दुसरं काय पाहिलं होतं? घंटेची थरथर हाताला लागत होती. खोकताना बायकोची छाती भरून येत होती. मग ते सगळं जात होतं कुठे?

त्यांनी वायर जोडली, खटका दाबला. रेकॉर्ड लावली नाही. व्हॉल्व्ह लाल झाले. त्यांनी आवाजाचं बटण हळूहळू पुढे नेलं, जिथवर आजवर कधीच नेलं नव्हतं तिथवर, आणि खुर्चीपाशी उभे राहिले.

आधी काही नाही. इतकं काही नाही, की त्यांना स्वतःच्या पापण्यांची हालचाल कळली. मग दोन्ही कर्ण्यांच्या मध्ये, जिथे भिंतीशिवाय काही नव्हतं, तिथे कुणीतरी खोकलं.

कोरडा, चिवट खोकला. त्याच्या तळाशी कफाचं बारीक खरखरणं होतं, त्याच्यावर घशाची ओढ होती, आणि त्याच्याही वर काहीतरी रेशमासारखं चमकत होतं, जे मोमोसेंनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांना वेळ लागला ओळखायला. ते वरचे सूर होते. कड्यापलीकडचे. सगळेच्या सगळे परत आले होते.

"अहो," तो आवाज म्हणाला.

फुसाएचा होता. पण आयुष्यभर भिंतीपलीकडून, नळाच्या आडून, पाठमोरं असताना ऐकलेला तो नव्हे. ओठ उघडताना होणारा ओला आवाज. 'ह'मधली हवा. शब्द संपताना जिभेचं टाळूला लागणं. इतका देखणा आवाज होता हिचा? आणि आपल्याला कधी कळलं कसं नाही? मोमोसेंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"अहो, बंद करा. बंद करा आता. मला श्वास घेता येत नाहीये."

दारात सावली पडली. फुसाएबाई कोटात तिथे उभ्या होत्या, चौकटीला धरून. त्यांचे ओठ तेच शब्द बोलत होते, बरोबर त्याच क्षणी. खोली गारठलेली होती. मोमोसेंच्या तोंडातून वाफ येत होती. फुसाएबाईंच्या तोंडापाशी वाफ नव्हती. तोंड उघडं होतं, मिटत होतं, आणि त्यापुढची हवा स्वच्छ होती. मोमोसेंनी वळून पाहिलं. दोन कर्ण्यांच्या मध्ये, खिडकीतून आलेल्या उन्हात, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, रिकाम्या हवेत वाफेचा एक छोटा पुंजका आला आणि विरला. शब्दाबरोबर पुन्हा आला.

त्यांचा हात खटक्यावर गेला. खटका खाली दाबला, की काय होईल? हा आवाज दाराकडे परत जाईल, की जिथे घंटा गेली तिथे जाईल, कायमचा? कालपासून हे बंदच होतं. काय परत आलं होतं? त्यांना ठाऊक नव्हतं. बायकोचे डोळे त्यांच्या हातावर होते. एक जोराचा दाब, बस्स. हात खटक्यावरच राहिला.

"तेइझोसान," आवाज म्हणाला, इतक्या जवळून, की त्यातला 'झ' त्यांच्या गालावर फुटल्यासारखा वाटला. तरुणपणी 'झ' असा ऐकू यायचा. "बंद करा ना."

"हो," मोमोसे म्हणाले. "करतो. थांब जरा. एवढं ऐकू दे."

बाहेर टॅक्सीनं भोंगा वाजवला. दारातल्या चौकटीवरून बोटं घसरली, फुसाएबाई कोटासकट जमिनीवर कोसळल्या आणि त्याचा काही आवाज झाला नाही. मोमोसे खुर्चीत बसले आणि नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले.